माडीवरचे कपाट

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमचे मास्तर प्रभूच्या घरी गेले. नव्वदी ओलांडलेल्या माणसाच्या मरणाला अकाली म्हणता येत नाही. तरीही चर्चमध्ये शवपेटी ठेवलेली असताना आम्ही तिघे एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो. त्याला कारण होते. मास्तरांनी आपल्या अंत्यविधीसाठी एक गीत चार आवाजांत बसवून ठेवले होते. वहीचे ते पान त्यांच्या मुलीने आदल्या रात्री कॉयरकडे आणून दिले. पण कॉयरमधल्या वीस-बावीस जणांपैकी एकालाही ते वाचता येईना. आम्हांला वाचता यायला हवे होते. एके काळी येतही होते. आता चष्मा पुसून पुसून पाहिले तरी पाच रेघांवरचे ते काळे ठिपके मुंग्यांसारखे इकडेतिकडे पळू लागले. शेवटी कीबोर्डचे बटण दाबून ताल सुरू झाला आणि नेहमीचेच गीत म्हटले गेले. स्वर वाचायला शिकविण्यात ज्या माणसाचे उभे आयुष्य गेले, त्याच्या मातीला त्याचे स्वर मिळाले नाहीत.

महिनाभराने फादरांचा निरोप आला. कॉयरच्या माडीवर मास्तरांचे एक लाकडी कपाट आहे, ते तुम्हीच येऊन मोकळे करा. आम्ही गेलो. कपाटात एक क्लॅरिओनेट होती, तिच्या चाव्यांवर हिरवा गंज चढला होता. एक ट्रम्पेट होता, पण त्याचे माउथपीस नव्हते. व्हायोलिनच्या गजाचे केस किड्यांनी खाल्ले होते. ओलीने चिकटलेल्या वह्यांचा ढीग होता. आणि सर्वांत खालच्या खणात, पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांत, आमच्याच कॅसेट होत्या. मोजल्या तेव्हा एकशे सत्त्याऐंशी भरल्या.

त्या दुपारी माडीवर बसून आम्ही जे बोललो, तेच या लेखात थोडे नीट मांडण्याचा प्रयत्न आहे.

मास्तर मूळचे गोव्यातील साष्टीचे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चला जोडून ज्या शाळा असत, त्यांत अक्षरांबरोबर सूरही शिकवीत. मेस्त नावाचा संगीतशिक्षक हातात छडी घेऊन मुलांकडून सा-रे-ग-म ऐवजी दो-रे-मी-फा घोकून घेई. वाद्य नंतर, आधी कागद वाचता आला पाहिजे, हा त्या शाळेचा नियम. या शाळा काढणाऱ्यांचा हेतू एवढाच की रविवारच्या मिस्साला आणि सणांच्या मिरवणुकीला गायक-वादक मिळावेत. परंतु बी एका हेतूने पेरले जाते आणि सावली भलत्यालाच मिळते, असे येथेही घडले. त्या शाळांतून निघालेली गरीब घरची मुले पोटासाठी मुंबईला आली, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत उतरली, आणि या देशाच्या संगीताचा एक मोठा भाग त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला.

१९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊन वाजवू लागले. त्यांचे ऐकून आमच्या गोवेकर मंडळींनी ते संगीत आपलेसे केले. आल्दोना गावचे आंतोनियो शावियेर वाझ हे चिक चॉकलेट या नावाने गाजले. त्यांच्या ट्रम्पेटमुळे लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या नृत्यसंध्या ओसरू लागल्या, आणि वादकांनी चित्रपटांच्या स्टुडिओंची वाट धरली. तेथे त्यांची गरज होतीच. संगीतकारांना चाल सुचे, पण वीस-तीस व्हायोलिनवाल्यांनी नेमके काय वाजवायचे हे कागदावर लिहून देणारे कोणी हवे होते. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यासाठी चिक चॉकलेट यांनी काम केले. १९५१ च्या 'अलबेला' या भगवानदादांच्या चित्रपटात तर ते पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशन यांच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा होते. मात्र चित्रपटाच्या नामावलीत या मंडळींची नावे क्वचितच येत. पाळीप्रमाणे रोजंदारी घ्यावी आणि लोकलने घरी जावे, असा तो व्यवहार होता.

मास्तर अठराव्या वर्षी मुंबईत आले ते याच काळात. व्हायोलिनवाल्यांच्या मागच्या रांगेत त्यांची जागा असे. "आमचे नाव कुठे नाही, पण आमचा गज सगळीकडे आहे," असे ते हसून म्हणत. त्या हसण्यातली खंत आम्हांला तेव्हा कळली नाही.

त्यांच्या पिढीतल्या एका माणसाने मात्र ती खंत पुसण्याचा प्रयत्न केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत आले, नौशाद यांच्यासारख्या संगीतकारांकडे व्हायोलिन वाजवू लागले, पण स्वप्न वेगळेच पाहत राहिले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सोयरीक जमवायची, आणि तीही कुणा निर्मात्याच्या मर्जीने नव्हे, स्वतःच्या हिमतीवर. १९५८ साली त्यांनी एक वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण अशा वाद्यवृंदाला सांभाळणारे धनी मिळाले नाहीत. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, परतल्यावर माजोर्ड्याच्या घरात जवळजवळ अज्ञातवासात राहिले, आणि २०१२ मध्ये निवर्तले. १९७७ मध्ये त्यांचे नाव देशभर दुमदुमले, तेही एका विनोदी गाण्यातून. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना आहे, हे ठाऊक नसताना आपण सर्वांनी लग्नांत त्या गाण्यावर पाय थिरकवले आहेत. मास्तरांनी तो १९५८ चा कार्यक्रम ऐकला होता. त्याविषयी बोलताना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: "त्या रात्री वादकांना वाटले, आपण नोकर नाही."

१९६६ मध्ये मास्तर वसईच्या आमच्या धर्मग्रामात आले, इथल्याच मुलीशी लग्न करून इथलेच झाले. तो काळ नव्या धामधुमीचा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत करून लोकभाषेला वेदीवर जागा दिली होती. लॅटिन गीते मागे पडली. मराठी गीतांची तातडीने गरज लागली. कुणी शब्द लिहावेत, कुणी चाल लावावी, चक्रमुद्रणाच्या शाईने बरबटलेली पाने रविवारी वाटावीत, असे दिवस गावोगावी आले. आज आपण जी गीते डोळे मिटून म्हणतो, त्यांतली कितीतरी अशीच, कुणाच्या आज्ञेवाचून, कंपनीवाचून, मानधनावाचून जन्मली. स्वतंत्र संगीत म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मास्तरांनी आम्हांला शिकवायला घेतले तेव्हा आम्ही दहा-बारा वर्षांचे होतो. आधी कागद, मग वाद्य, हा नियम इथेही होताच. दीड वर्ष आम्ही नुसते हाताने ताल धरून दो-रे-मी म्हणत होतो. बाहेर आंब्याखाली मुले चेंडू खेळत, आणि आत आम्ही रडकुंडीला येत असू. फी म्हणून घरून कधी केळ्यांचा घड, कधी भाजीची जुडी जाई. पुढे आम्ही चौघे गावच्या बँडमध्ये गेलो आणि लग्नांत, मिरवणुकींत वाजवू लागलो. बँडला चर्चच्या दारापाशीच थांबावे लागे, याचे आम्हांला वाईट वाटे. मास्तर तेव्हा सांगत की १९०३ साली, संत सेसिलियाच्या सणाच्या दिवशीच, पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी पत्रक काढून पियानो आणि ढोल-झांजा यांना उपासनेत मनाई केली, आणि बँडला तर सक्त मनाई केली. "पण दाराबाहेरही देवाचेच अंगण आहे," असे ते लगेच जोडून देत.

१९८८ साली आम्ही आमची कॅसेट काढली. गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी चार वर्षांपूर्वी घरीच ध्वनिमुद्रण करून, सगळी वाद्ये स्वतः वाजवून, 'गोवन क्रेझी' ही कॅसेट काढली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली, ही बातमी आमच्यापर्यंत आली होती. तबकडीच्या जमान्यात मोठ्या कंपनीच्या पायरीवर डोके टेकल्यावाचून गाणे लोकांपर्यंत जात नसे. कॅसेटने ती पायरीच काढून टाकली. इकडे वसईत विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जात होते, केळीच्या बागा सुकत होत्या, हरित वसईची चळवळ उभी राहत होती. आम्ही आठ गाणी केली. दोन विहिरीवर, एक बावखलावर, एक रात्रपाळी करून शेवटच्या गाडीने येणाऱ्या बापावर. चाली आमच्या, शब्द आमचे, वाद्यमेळ मास्तरांचा. एका दिवसात मुद्रण उरकले. एकूण खर्च अकरा हजार रुपये. पाचशे प्रती, किंमत पंचवीस.

तीनशे तेरा प्रती हातोहात गेल्या. पैसे आले ते मात्र दोनशे चाळीस प्रतींचे. उरलेल्या त्र्याहत्तर प्रती आप्तेष्टांनी कौतुकाने उचलल्या. "आपलीच पोरे आहेत, पैसे कसले मागता?" असे म्हणणाऱ्या त्याच माणसांनी त्याच आठवड्यात चित्रपटगीतांची कॅसेट दुकानातून रोख देऊन घेतलेली आम्ही पाहिली. खोट आली पाच हजारांची, म्हणजे प्रत्येकी साडेबाराशेची. त्या साडेबाराशेंवरून आम्ही चौघे भांडलो. शब्द तोंडातून गेले ते परत घेता आले नाहीत. ट्रम्पेट वाजविणारा आमचा मित्र १९९२ मध्ये आखातात नोकरीला निघून गेला. ट्रम्पेट त्याने मास्तरांकडे ठेवला आणि माउथपीस तेवढे खिशात टाकून नेले. २०११ मध्ये तो तिकडेच वारला. कपाटातल्या त्या तोंड नसलेल्या ट्रम्पेटकडे आम्ही का पाहत राहिलो, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

नंतरचे सांगण्यासारखे फार नाही. घरोघरी केबल आली, लग्नाच्या मांडवात डीजे आला, बँडची सुपारी कमी झाली. मुंबईच्या स्टुडिओंतही तेच झाले. शंभर वादकांचे काम एक सिंथेसायझर करू लागला. आम्ही नोकरी-संसाराला लागलो. मास्तर मात्र माडीवर जाऊन कपाट उघडीत, वाद्ये पुशीत आणि शिकायला येणाऱ्या दोघा-तिघांना कागद वाचायला लावीत. एके वर्षी ते दोघे-तिघेही यायचे थांबले.

असे चढउतार आमच्याच वाट्याला आले असे नाही. क्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या कोकणी गाण्यांनी १९७० च्या आसपास मुंबई-गोवा डोलत होते. मग लोर्ना यांचा आवाज कित्येक वर्षे लोप पावला, आणि १९९५ मध्ये नव्या कॅसेटने परत आला. धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ मध्ये जॅझ यात्रा भरू लागली, १९८६ पासून रॉक संगीताचा इंडिपेन्डन्स रॉक हा उत्सवही तेथे रंगू लागला. आम्ही चौघे एकदा तेथे गेलो होतो. महाविद्यालयीन मुले फाटक्या विजारी घालून कर्णकर्कश वाजवीत होती, आणि मास्तर कानात बोट घालून म्हणत होते, "वाजवू द्या. सूर नंतर येईल, आधी धीर येऊ द्या." पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरचा परिसर शांतताक्षेत्र ठरला, आणि रंगभवनच्या खुल्या मंचावरचे ते कार्यक्रम बंद पडले. २००७ मध्ये लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात ब्लू फ्रॉग नावाचे संगीतगृह निघाले, नव्या मुलांनी स्वतः रचलेली गाणी तेथे गाइली. २०१६ मध्ये तेही मुंबईतून उठले.

या सगळ्याचा विचार करताना आम्हांला एक गोष्ट जाणवली. संगीत काही कुणी बंदी घातल्याने मरत नाही. आपण नकळत त्याचा आधार काढून घेतो. कंटाळवाणे असते ते चिकाटीने शिकविणारा माणूस जातो, आणि त्याची जागा भरावी असे कुणाला वाटत नाही. चुकतमाकत वाजवायला चार भिंती लागतात. त्या दुसऱ्या कामाला दिल्या जातात. आणि जो अजून मोठा झालेला नाही, त्याच्या गाण्यासाठी खिशातून पैसे काढण्याची दानत उरत नाही. मोठा झाल्यावर त्यालाच आपण हजार रुपये देऊन ऐकायला जातो. देशातले सगळे नामांकित वादक कधी ना कधी कुणाच्या तरी गावात बेसूर वाजवीत होते, हे आपण विसरतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण एक कबुली द्यायची राहिली आहे.

मास्तर गेले त्याच्या दोन महिने आधी धर्मग्रामातल्या पाच मुलामुलींनी आमच्या मंडळाकडे अर्ज केला होता. त्यांचा एक छोटा बँड आहे: दोन गिटार, ड्रम, एक कीबोर्ड, एक व्हायोलिन. स्वतःची गाणी करतात, काही मराठीत, काही आपल्या घरच्या बोलीत. सरावासाठी शनिवारी संध्याकाळी सभागृह मिळावे, एवढेच मागणे होते. आम्हां तिघांपैकी दोघे मंडळावर आहेत. अर्ज वाचला गेला. कुणी म्हणाले, आवाजाचा त्रास होईल. कुणी म्हणाले, सभागृह लग्नांना भाड्याने जाते, उत्पन्न बुडेल. आम्ही दोघांनी मान डोलावली. अर्ज नामंजूर झाला. सगळे पाच मिनिटांत. त्या पाच मिनिटांत आम्हांला ना रंगभवन आठवले, ना मास्तरांचे "वाजवू द्या".

कपाट रिकामे करून वह्यांची गाठोडी घेऊन उतरत होतो, तेव्हा जिन्यात त्यांच्यातली व्हायोलिन वाजविणारी मुलगी भेटली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. ती कॉयरमध्ये नाही. शहरात जाऊन ट्रिनिटीच्या परीक्षा देते. ती म्हणाली, "अंकल, हे मास्तरांचे आहे का? मी पाहू?" आम्ही वही दिली. योगायोगाने वर तेच पान होते, अंत्यविधीचे. तिने जिन्यातच उभे राहून, बोटाने ताल धरीत, वरचा आवाज गुणगुणून दाखविला. मग खालचा. मध्ये एका जागी ती थबकली, म्हणाली, "इथे मास्तरांनी मुद्दाम सूर मोकळा सोडला आहे, पुढच्या ओळीत तो भरतो." आम्ही तिघे पायऱ्यांवर बसलो. ज्यांना सराव करायला खोली नाकारली, त्यांच्यातच मास्तरांचा कागद वाचणारी होती, आणि अंत्यविधीच्या दिवशी तिला बोलवावे हे आम्हां कुणालाच सुचले नव्हते.

"अंकल, आम्हांला हॉल का नाही दिला?" असे तिने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

वह्या आम्ही तिला दिल्या. ट्रम्पेट दुरुस्तीला टाकला आहे. माउथपीस नवे घ्यावे लागेल, आणि त्याचे पैसे आम्ही तिघे मिळून देणार आहोत, या वेळी हिशेबावरून भांडण न करता. मंडळाची पुढची सभा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. शनिवारी पाच ते आठ, दारे-खिडक्या बंद ठेवून, सभागृह या मुलांना विनाशुल्क द्यावे, असा ठराव आमच्यातले दोघे मांडणार आहेत. आपला पूर्वीचा निर्णय चुकीचा होता, असेही त्यात लिहिले आहे. लग्नाचे एखादे भाडे बुडाले तर ते आम्ही भरून देऊ. ठराव संमत होईलच असे नाही. होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा मांडला जाईल.

आणि संमत झाला, तर २२ नोव्हेंबरला, संत सेसिलियाच्या दिवशी, सभागृहात मुलांचा कार्यक्रम करावा असा बेत आहे. प्रारंभी मास्तरांचे ते गीत, चार आवाजांत. मग मुलांची स्वतःची गाणी, त्यांना वाटेल तितक्या मोठ्याने. तिकीट पन्नास रुपये. फुकट पास कुणालाही नाही. फादरांना तसे आधीच सांगितले आहे, आणि त्यांनी हसत पहिले तिकीट रोख देऊन घेतले आहे.